लिंबाखालचा नवरा

आमच्या वर्ध्याच्या घरात दोन मंडळ्या एका चुलीवर जेवत. आबाजी स्कॉटिश मिशनचे, नागपूरच्या हिस्लॉपसाहेबांच्या परंपरेतले. आजी नगरकडची, एस.पी.जी. मिशनमधली, म्हणजे अस्सल अँग्लिकन. आबाजींच्या लोकांत बिशप हा प्रकार नव्हता. वडीलजनांची बैठक बसायची आणि ठरवायची. आजीला बिशपाविना चर्च म्हणजे बिनकळसाचं देऊळ वाटे. ती गुडघे टेकून प्रार्थनापुस्तकातली छापील प्रार्थना म्हणायची. आबाजी खुर्चीत बसून, डोळे मिटून मनातलं बोलायचे आणि ते लांबत जायचं. मग आजी एक डोळा उघडून चुलीकडं बघे. भाजी लागली की दोष स्कॉटलंडचा.

तिनं हुलग्याचे शेंगोळे नगरहून आणले, पाटोडीचा रस्सा इथं शिकली. तेल मात्र मगनवाडीतल्या, गांधींच्या ग्रामोद्योग संघाच्या घाण्याचंच हवं. तिथले कुमारप्पा आपल्यातले, ख्रिस्ती, म्हणून तिला कोण अभिमान! गांधींच्या सत्याग्रहापायी याच कुमारप्पांनी कलकत्त्याच्या बिशपांशी वाद घातला होता, हे आबाजी मुद्दाम तिच्यासमोर काढत. आजी म्हणे, "बिशपाशी भांडले, पण तेल चांगलं देतात."

२९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात, सदरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात, सहा मंडळ्या एक झाल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्मलं. आम्ही सगळे पॅसेंजरनं गेलो, डब्यात दशम्या आणि ठेचा. मी तेव्हा शाळकरी पोट्टा होतो. मांडव आठवतो, गर्दी आठवते. भाषणं मुळीच आठवत नाहीत. अमेरिकन मेथडिस्ट ऐनवेळी बाहेर राहिले, त्यामुळे आमच्या शेजारणीचं तोंड उतरलं होतं, तेवढं मात्र लक्षात आहे. तोवर मोठमोठे वाद झाले होते ते पाण्यावर: बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यायचा की जाणत्या माणसाला, पाणी शिंपडायचं की बुडवायचं? शेवटी दोन्ही चालेल असं ठरलं. आबाजींना बिशप मिळाला, आजीला वडीलजन मिळाले. परतीच्या गाडीत दोघंही जरा गप्पच होती.

पाण्यावरून आजीची एक जुनी गोष्ट सांगायलाच हवी. तिच्या लहानपणी नगरकडच्या एका खेड्यात एक शेतकरी होता. त्याला दोन बायका, थोरलीला मूल नाही म्हणून धाकटी केलेली. तिघांनाही ख्रिस्ती व्हायचं होतं. पाळकानं दोघींना पाणी दिलं, त्याला नाही. दर रविवारी तो बैलगाडी जुंपून दोघींना आणी, बैल सोडी आणि देवळाबाहेरच्या लिंबाखाली बसून राही. गीत सुरू झालं की तिथूनच म्हणायचा. आजी सांगे, "आवाज इतका खणखणीत की आतल्यांचा ताल चुके." प्रभुभोजनाच्या वेळी तो उठून बैलांना पाणी पाजायला जायचा. दर वेळी, न चुकता.

लहानपणी मला ही आमच्या घरातली गंमत वाटे. पुढं वाचायला लागलो तेव्हा कळलं की तो माणूस लिंबाखाली बसला त्याला कारण थेट लंडनचं होतं. जगभरचे अँग्लिकन बिशप साधारण दर दहा वर्षांनी जमतात, त्याला लँबेथ परिषद म्हणतात. १८६७ ची पहिली परिषद भरण्यामागंच आफ्रिकेतल्या नाताळचे बिशप कोलेन्सो यांचं भांडण होतं. बायबलाबद्दलची त्यांची मतं तर गाजलीच. शिवाय झुलू माणसानं ख्रिस्ती होताना जादा बायकांना घराबाहेर काढू नये असंही ते म्हणत. १८८८ च्या परिषदेनं ठरवलं, अनेक बायका असलेल्याला बाप्तिस्मा नाही. त्याला शिकवत राहा, थांबवून ठेवा. बायकांना मात्र काही ठिकाणी देता येईल, ते स्थानिक मंडळींनी बघावं. आमच्या शेतकऱ्याचं कुटुंब या ठरावात नेमकं दुभागलं. हे बदलायला शंभर वर्षं लागली. १९८८ मध्ये, आफ्रिकी बिशपांच्याच आग्रहानं, ठराव झाला की अशा माणसाला बायकामुलांसकट आत घ्यावं. त्यानं पुन्हा लग्न करू नये, पण आहेत त्या बायकांना सोडायची सक्ती नको, कारण टाकलेल्या बाईची परवड होते. आजी तेव्हा हयात होती. तिला हे सांगायला हवं होतं, पण आमच्यापैकी कोणाला ठाऊकच नव्हतं.

आजीची ही गोष्ट, तशी आबाजींकडे १९३५ ची एक गोष्ट होती. डिसेंबरात मार्गारेट सँगरबाई अमेरिकेहून वर्ध्याला आल्या, संततिनियमनाला गांधीजींचा पाठिंबा मागायला. पोचल्या तो सोमवार, बापूंचं मौन! आबाजी तेव्हा स्टेशनावर पार्सलच्या कामाला. त्यांनी बाईंना उतरताना पाहिलं असं ते सांगत. कधी टोपी निळी असायची, कधी टोपीच नसायची. बापूंनी साधनांना नकार दिला, संयम सांगितला. यात गंमत अशी की पाचच वर्षांपूर्वी, १९३० च्या लँबेथ परिषदेत, बिशपांनी १९३ विरुद्ध ६७ मतांनी नवराबायकोला काही अटींवर ही मुभा दिली होती. १९२० मध्ये याच परिषदेनं कडाडून विरोध केला होता. म्हणजे विलायतेतले बिशप पुढं आणि आमचे बापू मागं! आजीची सात बाळंतपणं झाली. या वादात ती कोणाच्या बाजूची, हे तिला कोणी विचारलं नाही.

१९३५ सालीच नागपूरच्या बिशपांच्या इलाख्यातून एक इंग्रज धर्मगुरू चर्च सोडून गेला. व्हेरिअर एल्विन. आपला मराठी ख्रिस्ती मित्र शामराव हिवाळे यांच्यासोबत तो मंडल्याकडं गोंडांत राहत होता. बिशप राजनिष्ठेची शपथ मागत होते, यानं ती घेतली नाही. वर्धा त्याच इलाख्यात, म्हणून आमच्याकडं हे नाव दबक्या आवाजात निघे.

पण ज्याबद्दल दबका आवाजसुद्धा निघत नसे ते आजीचे धाकटे भाऊ, आमचे मामाआजोबा. शाळामास्तर होते. लग्न केलं नाही. दुसऱ्या एका मास्तरांसोबत एका घरात अख्खी हयात काढली. नाताळात दोघं जोडीनं वर्ध्याला येत, येताना आमच्यासाठी चित्रांची पुस्तकं आणत, जाताना गोरसभांडारातून गोरसपाकाचे पुडे बांधून नेत. एकदा आबाजींच्या वडीलजनांपैकी कोणी तरी विचारलं, "मास्तरनं लग्न काहून नाही केलं?" आजी अनारशावर खसखस लावत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्हाला चहात साखर किती?" फराळाचा डबा नगरला जायचा तो दोघांच्या मापाचा.

मामाआजोबा गेले तेव्हा मी आजीला घेऊन नगरला गेलो. चर्चमध्ये पुढचे बाक घरच्यांसाठी. ते दुसरे मास्तर सगळ्यात मागं, दाराशी, छत्री गुडघ्यात धरून बसले होते. आजी उठली, अख्खं चर्च बघत असताना मागं गेली, त्यांच्या हातातली छत्री घेतली आणि त्यांना पुढं आणून स्वतःशेजारी बसवलं. कोणी काही बोललं नाही. घरी आल्यावरही नाही. आजीच्या त्या न बोलण्याचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं होतं, आजही वाटतं. पण त्या मास्तरांना बाकावर जागा मिळायला आजीचं उठणं लागलं. ती नसती तर?

आजी गेल्यावर १९९८ ची लँबेथ परिषद झाली. समलिंगी संबंध शास्त्राला धरून नाहीत, हा ठराव ५२६ विरुद्ध ७० मतांनी मंजूर झाला. आफ्रिका-आशियाचे बहुतेक बिशप एका बाजूला होते. २००३ मध्ये अमेरिकेत न्यू हॅम्पशायरला जीन रॉबिन्सन हे उघडपणे पुरुष जोडीदारासोबत राहणारे बिशप झाले आणि भांडण चव्हाट्यावर आलं. २००८ ला नाराज मंडळींनी जेरुसलेमला गॅफकॉन नावाची वेगळी परिषद भरवली. २०२३ मध्ये इंग्लंडच्या चर्चनं अशा जोडप्यांसाठी आशीर्वादाच्या प्रार्थनांना वाट करून दिली, तशी फट आणखी रुंदावली. लोक म्हणतात, हा पश्चिमेचा आधुनिकपणा आणि पूर्वेची परंपरा यांचा झगडा आहे. मला ते पटत नाही. आमच्याच घरातली माणसं आठवली तर कोणाला कुठल्या रकान्यात टाकू?

इकडं ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं ३७७ कलमाचा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग काढला. पुढच्या रविवारी उपासनेनंतर चहाला एका तरुण मुलीनं विषय काढला, तर लगेच छपराच्या गळतीवर चर्चा सुरू झाली. नागपुरातच मुख्यालय असलेल्या नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेसनं या विषयावर लोकांना एकत्र बसवलं आहे. मंडळ्यांपर्यंत ते झिरपायला वेळ लागेल. आपल्याकडं छपरं पुष्कळ गळतात.

ऑक्टोबर २०२५ मध्ये सारा मुलाली यांचं नाव कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी जाहीर झालं, अँग्लिकनांच्या या सर्वांत मानाच्या गादीवरची पहिली बाई. त्याच महिन्यात गॅफकॉननं जाहीर केलं की खरी अँग्लिकन मंडळी आम्हीच. मी आत्याबाईला पेपर वाचून दाखवला. ती आता थकली आहे, पण कान शाबूत. "आपल्या नागपूरच्या बिशपाचं काय मग?" मी सांगितलं, आपलं चर्च स्वतंत्र आहे, कँटरबरीचा हुकूम इथं चालत नाही. बोलता बोलता १९८८ च्या ठरावाचंही सांगितलं. ती एकदम सावरून बसली. "म्हंजे त्या लिंबाखालच्याले पाणी भेटलं असतं?" भेटलं असतं. "पन भेटलंच होतं नं! आई सांगे, मरताना पाळक घरी गेला, पाणी देऊन आला."

काकाला फोन लावला. काका म्हणाला, आई असं कधीच बोलली नाही. पाळक गेला होता हे खरं, पण म्हणाला, धाकटीला सोड, मग देतो. म्हातारा म्हणाला, आता दोघींनाही दिसत नाही नीट, कोणाला कुठं सोडू? त्याला त्याच्या शेतातच पुरलं. आत्याबाईनं फोन माझ्या हातातून घेतला आणि त्यानंतर अर्धा तास दोघं भांडत होती.