घाटावरचा गाडा

आज बैलगाड्यांच्या शर्यतीविषयीं चार शब्द बोलावयाचे आहेत. आमच्या देवळाली प्रवरेकडील माणसास हा विषय नवा नाहीं. चैत्र लागला, ग्रामदैवतांच्या यात्रा सुरू झाल्या, कीं पुणें व अहिल्यानगर या जिल्ह्यांतील गांवोगांवचीं पावलें घाटाकडे वळतात. येथें घाट म्हणजे नदीचा नव्हे आणि डोंगरांतल्या रस्त्याचाहि नव्हे. तो शर्यतीसाठीं राखलेला, चढाचा, सरळ धांवेचा पट्टा.

या घाटावर हलक्या दुचाकी गाड्यास बैलांच्या दोन जोड्या एकीपुढें एक जुंपतात. पुढें घोडी भरधांव सुटते, तिच्यावर स्वार असतो, आणि बैल तिच्या मागें झेंपावतात. गाड्यावर हांकणारा बसत नाहीं. ‘भिर्रर्र’ अशी आरोळी उठते आणि निकाल सेकंदांवर लागतो. साताऱ्या-सांगलीकडे रीत निराळी: तेथें छकडीस एकच जोडी, वर हांकणारा, आणि शेजारशेजारच्या चाकोऱ्यांतून कित्येक छकड्या एकदम सुटतात. विदर्भांत यास शंकरपट म्हणतात. कोंकणांत समुद्राच्या ओल्या वाळूवर हाच खेळ रंगतो.

या साऱ्यांच्या मुळाशीं, माझ्या मतें, एक साधी कल्पना आहे. जो बैल मोटेला, नांगराला, बाजाराच्या गाडीला चालावयाचा, त्याचाच कस वर्षांतून एकदां चारचौघांसमक्ष लावावयाचा. घरचें वाहन तेंच शर्यतीचें वाहन.

हीच कल्पना अमेरिकेंत मोटारीच्या बाबतींत दिसते. १९ जून १९४९ रोजीं उत्तर कॅरोलिना राज्यांत शार्लट येथें पाऊण मैलाच्या मातीच्या लंबवर्तुळाकार वाटेवर २०० फेऱ्यांची शर्यत झाली. ३३ मोटारी उतरल्या होत्या. अट एवढीच, कीं मोटार कारखान्यांतून निघते तशीच असावी, तींत फेरफार नसावा. ग्लेन डनअवे याची फोर्ड सर्वांच्या आधीं पोंचली. परंतु तपासणाऱ्यानें गाडीखालीं पाहिलें, तों मागील कमानपाटे बदललेले! चोरटी दारू भरधांव नेणाऱ्यांची ती जुनी युक्ति. डनअवेचा विजय रद्द झाला आणि कॅन्ससचा जिम रोपर पहिला ठरला. फोर्डच्या मालकानें दावा लावला. न्यायालयानें तो काढून टाकला.

आमच्या घाटावर अशी अट कोणीं घातली नाहीं. शर्यतीचा गाडा दिवसेंदिवस हलका होत गेला. शेणखताची एक खेप त्यावर जावयाची नाहीं. पुढें विहिरींवर इंजिनें व विजेचे पंप बसले, मोट गेली. प्रवरेच्या पाटपाण्यावरील उसाच्या रानांत ट्रॅक्टर आला, नांगर गेला. ऊसतोडकऱ्यांची टायरगाडी कारखान्याच्या वाटेवर अद्याप दिसते. पण तिचे बैल निराळे आणि यात्रेंतला खिलार निराळा. एक मणांनीं ओझें ओढतो, दुसरा पोटच्या पोरासारखा सांभाळला जाऊन कांहीं सेकंद धांवतो. कामाच्या बैलाची परीक्षा म्हणून जी शर्यत निघाली, तीच आतां खिलार पाळण्याचें कारण होऊन बसली आहे.

म्हणूनच बंदी आली तेव्हां आमच्या भागांत एवढी खळबळ झाली. केंद्र सरकारनें ११ जुलै २०११ रोजीं खेळांत वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांत बैल घातला, आणि ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें शर्यती बंद केल्या. महाराष्ट्रानें २०१७ सालीं कायद्यांत दुरुस्ती केली, तीहि न्यायालयांत अडकली. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजीं अटींवर परवानगी मिळाली व १८ मे २०२३ रोजीं पांच न्यायाधीशांच्या पीठानें ती दुरुस्ती वैध ठरविली.

बैलाची शेपूट पिरगळणें, त्यास टोंचणें, चाबकानें फोडणें हे प्रकार घाटावर होत होते. ते नव्हते असें म्हणण्यांत अर्थ नाहीं. आतां जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते, पशुवैद्याची तपासणी लागते, काठी-चाबूक व विजेचा धक्का यांस मनाई आहे. बंदीसाठीं झगडणाऱ्यांवर आमचे लोक रागावतात. मला वाटतें, हे नियम यात्रेच्या पंचांनींच पूर्वीं केले असते, तर कोर्टाची पायरी चढावी लागली नसती. शार्लटच्या तपासणाऱ्यानें पहिल्या आलेल्या गाडीखालीं वांकून पाहिलें. आमच्या पंचांनीं पहिल्या आलेल्या बैलाच्या पाठीवरून हात फिरवावा आणि वळ आढळल्यास बक्षीस दुसऱ्यास द्यावें.