पावलांचा हिशेब आणि विम्याचा हप्ता

आरोग्य विम्याच्या हप्त्यात सवलत मिळावी म्हणून रोजच्या चालण्याचा हिशेब विमा कंपनीला दाखवण्याची पद्धत भारतात आता नवी राहिलेली नाही. मनगटावरचा फिटनेस बँड किंवा स्मार्टवॉच, खिशातला मोबाइल आणि कंपनीचे ॲप अशी तिघांची जोडणी झाली की विमाधारकाची पावले, हृदयाचे ठोके आणि कित्येकदा झोपेचे तासही कंपनीपर्यंत पोहोचतात. त्या बदल्यात हप्त्यात सूट, व्हाउचर किंवा वाढीव विमा संरक्षण मिळते. चोर्ला घाटापलीकडचे बेळगाव आणि पुणे-बंगळूर महामार्गावरील निपाणी या मराठीभाषक सीमाभागापर्यंतही विम्याचे हे नवे रूप मोबाइलमधून पोहोचू शकते. गोव्यातून उपचारांसाठी बेळगावची वाट धरणारे रुग्ण थोडे नाहीत. त्यामुळे हा विषय घाटाच्या दोन्ही अंगांचा आहे.

व्यवहार वरकरणी सरळ दिसतो : चाला आणि पैसे वाचवा. मात्र सवलत एका वर्षाच्या हप्त्यापुरती असते आणि एकदा हातची गेलेली माहिती तशीच परत मिळेल याची खात्री नसते. शिवाय यंत्र ज्या हालचालींना आरोग्य मानते, त्यात सीमाभागातील कष्टकऱ्यांचे श्रम नीट बसत नाहीत. या दोन्ही गोष्टी सही करण्यापूर्वी समजून घ्यायला हव्यात.

पद्धत कोठून आली

आरोग्यदायी सवयींना बक्षीस देणारा ‘व्हायटॅलिटी’ हा कार्यक्रम दक्षिण आफ्रिकेतील डिस्कव्हरी या कंपनीने १९९७ मध्ये सुरू केला. तो पुढे अनेक देशांत पसरला. अमेरिकेतील जॉन हॅनकॉक या जुन्या आयुर्विमा कंपनीने सप्टेंबर २०१८ मध्ये आपल्या सर्व आयुर्विमा पॉलिसींना हा कार्यक्रम जोडण्याची घोषणा केली. भारतात २०१६ मध्ये व्यवसाय सुरू केलेल्या आदित्य बिर्ला हेल्थ इन्शुरन्सने ‘ॲक्टिव्ह डे’ची कल्पना रूढ केली. दिवसात १०,००० पावले, किंवा एका व्यायामसत्रात ३०० उष्मांकांचा व्यय, किंवा व्यायामशाळेत ३० मिनिटे, अशा निकषांवर दिवस ‘सक्रिय’ ठरतो आणि अशा दिवसांच्या संख्येवर परतावा अवलंबून असतो.

भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने सप्टेंबर २०२० मध्ये या प्रकारच्या सुविधांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार कंपन्यांना व्यायामशाळा किंवा योगकेंद्राच्या सदस्यत्वासाठी व्हाउचर देता येते, तसेच पॉलिसीच्या नूतनीकरणावेळी हप्त्यात सूट किंवा विमा रकमेत वाढ देता येते. म्हणजे ही सवलत नियमांच्या चौकटीतली आहे. प्रश्न तिच्या मोबदल्याचा आहे.

मनगटावरचे यंत्र काय सांगते

बँडमध्ये मुख्यतः दोन प्रकारचे संवेदक असतात. एक हालचालीचा वेग आणि दिशा टिपतो; मनगटाच्या नियमित झोक्यावरून पावलांचा अंदाज बांधला जातो. दुसरा त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून परावर्तित प्रकाशातील चढउतारांवरून नाडीचे ठोके मोजतो. काही यंत्रांत रक्तातील ऑक्सिजनचा अंदाज घेणारा संवेदक आणि ठिकाण नोंदवणारी जीपीएस प्रणालीही असते.

सुट्या आकड्यांना फारसा अर्थ नसतो. महिनोन्महिन्यांच्या नोंदी मात्र पुष्कळ बोलतात. माणूस किती वाजता झोपतो, रात्रपाळी करतो का, विश्रांतीच्या वेळी नाडी किती असते, ती अलीकडे वाढली आहे का, सकाळी कोणत्या रस्त्याने फिरायला जातो, या साऱ्यांचा त्यातून अंदाज बांधता येतो. डॉक्टरांच्या तपासणीत एका दिवसाचे चित्र मिळते, बँडमधून दिनक्रमाचा पट उलगडतो.

ही माहिती थेट विमा कंपनीकडे जाते असेही नाही. बँड बनवणारी कंपनी, मोबाइलमधील आरोग्यविषयक ॲप, विमा कंपनीचे ॲप, तिने नेमलेला ‘वेलनेस’ भागीदार आणि माहिती साठवणारी संगणक सेवा असे अनेक टप्पे मध्ये असू शकतात. गूगलने फिटबिट ही बँड बनवणारी कंपनी विकत घेण्याचा व्यवहार जानेवारी २०२१ मध्ये पूर्ण केला. त्यावेळी युरोपीय आयोगाने युरोपातील वापरकर्त्यांची आरोग्यविषयक माहिती दहा वर्षे जाहिरातींसाठी न वापरण्याची अट घातली होती. माहिती गोळा करणारी कंपनी उद्या दुसऱ्याच्या मालकीची होऊ शकते, हे या व्यवहारातून दिसते.

मोजणीत न बसणारे श्रम

निपाणी परिसर तंबाखू आणि विडी उद्योगासाठी ओळखला जातो. मांडीवर सूप घेऊन तासन् तास विड्या वळणाऱ्या बाईचे हात थांबत नाहीत. पण ती बसलेली असते आणि तिच्या बोटांची हालचाल म्हणजे पावले नव्हेत. यंत्राच्या लेखी तिचा दिवस ‘निष्क्रिय’ ठरण्याची शक्यता अधिक. डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन एका हाताने तो सावरत बांधावरून येणारी शेतकरी स्त्री खरोखर चालत असते, पण तिचे मनगट झुलत नसल्याने तिची पावले कमी मोजली जाऊ शकतात. उलट खडबडीत रस्त्यावरून दुचाकी चालवणाऱ्याच्या खात्यात न चाललेली पावले जमा होण्याचे प्रकार घडतात. बेळगावच्या उद्यमबागेतील कारखान्यात फिरत्या यंत्राजवळ काम करणाऱ्याला तर मनगटावर काही बांधणेच धोक्याचे असते.

१०,००० हा आकडादेखील वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीला आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावाचाच अर्थ ‘दहा हजार पावलांचा मापक’ असा होता. तो आकडा सोपा आणि आकर्षक असल्याने रूढ झाला. अमेरिकेतील वयस्क स्त्रियांच्या २०१९ मधील एका अभ्यासात, मृत्यूचा धोका कमी होण्याचे प्रमाण सुमारे ७,५०० पावलांनंतर स्थिरावते, असे आढळले. चालणे हितकारक आहे, यात वाद नाही. परंतु नोकरदाराच्या फेरफटक्याला परतावा आणि विडी कामगाराच्या श्रमाला शून्य, अशी वाटणी होत असेल तर ते मोजमाप आरोग्याचे किती आणि जीवनशैलीचे किती, हा प्रश्न उरतो.

सवलतीची दुसरी बाजू

अनेकांनी थोडे थोडे घालायचे आणि ज्याच्यावर वेळ येईल त्याला त्यातून द्यायचे, हा विम्याचा मूळ विचार. कर्नाटकात २००३ मध्ये कार्यान्वित झालेली यशस्विनी योजना हे त्याचे जवळचे उदाहरण. सहकारी संस्थांच्या शेतकरी सभासदांना सुरुवातीला महिना पाच रुपये इतक्या समान वर्गणीत शस्त्रक्रियांचे संरक्षण मिळत असे. कोण किती चालतो, याची विचारणा तिथे नव्हती. २०१८ मध्ये थांबलेली ही योजना २०२२-२३ मध्ये पुन्हा सुरू करण्यात आली.

बँडवर आधारलेली सवलत या विचाराला हळूहळू वळण देते. वैयक्तिक दाव्यांच्या इतिहासामुळे एखाद्याचे नूतनीकरण नाकारता येत नाही, असा प्राधिकरणाचा दंडक आहे. म्हणजे आजारी पडल्याबद्दल शिक्षा नाही. पण निरोगी दिसणाऱ्यांना जितकी अधिक सूट मिळेल, तितका मूळ दर इतरांसाठीच उरतो. सूट न मिळणे ही मग न बोललेली शिक्षा ठरते, आणि ती संधिवाताच्या रुग्णाला, अपंगाला व बँड न परवडणाऱ्याला अधिक बसते.

दाव्याच्या वेळचा प्रश्नही आहे. सलग पाच वर्षे पॉलिसी चालू राहिल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती लपवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही, असा २०२४ पासूनचा नियम आहे. त्या पाच वर्षांच्या आत मात्र बँडने नोंदवलेली अनियमित नाडी ‘आधीच्या आजारा’चा पुरावा म्हणून पुढे केली जाईल का, हे पॉलिसीच्या अटींत शोधावे लागते. तिथे स्पष्ट उत्तर नसेल तर ते लेखी मागावे.

माहिती बाहेर पडते तेव्हा

सप्टेंबर २०२४ मध्ये स्टार हेल्थ या विमा कंपनीच्या ग्राहकांची माहिती टेलिग्रामवरील स्वयंचलित खात्यांमार्फत उपलब्ध होत असल्याचे वृत्त रॉयटर्सने दिले. ३ कोटी १० लाखांहून अधिक ग्राहकांची माहिती आपल्याकडे असल्याचा दावा ती विकणाऱ्याने केला होता. पॉलिसीची कागदपत्रे, दाव्यांचे तपशील आणि तपासणी अहवाल त्यात दिसले. कंपनीने मद्रास उच्च न्यायालयात धाव घेतली. पासवर्ड बदलता येतो; निदानाचा अहवाल एकदा बाजारात गेला की तो बदलता येत नाही.

दुसरे उदाहरण वेगळ्या प्रकारचे. धावपटूंसाठीच्या स्ट्राव्हा ॲपने वापरकर्त्यांच्या मार्गांचा एकत्रित जागतिक नकाशा प्रसिद्ध केला आणि जानेवारी २०१८ मध्ये लक्षात आले की त्यातून परदेशांतील लष्करी तळांवरील जवानांचे धावण्याचे मार्ग उघड होत आहेत. कोणाचेही नाव प्रसिद्ध झाले नव्हते, तरी ठिकाणे कळली. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल केंद्र असलेल्या बेळगावसारख्या शहरात या घटनेचा धडा वेगळा समजावून सांगायला नको.

कायदा आणि भाषा

खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. त्या खटल्यातील अर्जदार के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश होते. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २०११ च्या नियमांत आरोग्यविषयक माहिती ‘संवेदनशील’ मानलेली आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून कंपन्यांवरील मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत.

या कायद्यानुसार संमती मुक्त, नेमकी, माहितीपूर्ण आणि बिनशर्त असावी लागते, आणि ती सांगितलेल्या हेतूसाठी आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती असते. दिलेली संमती, ती देण्याइतक्याच सहजपणे मागे घेता आली पाहिजे. मात्र मागे घेतल्याचे परिणाम, उदाहरणार्थ सवलत बंद होणे, संमती देणाऱ्यानेच सोसायचे आहेत. मालकाने घेतलेल्या सामूहिक विम्यात पावलांच्या स्पर्धा होतात, तेव्हा कामगाराची संमती कितपत ‘मुक्त’ राहते, हाही विचार करण्याजोगा मुद्दा आहे.

सीमाभागासाठी या कायद्यातील भाषेची तरतूद विशेष मोलाची आहे. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय नागरिकाला द्यावा लागेल. या २२ भाषांत मराठी, कन्नड आणि कोकणी या तिन्ही आहेत. विमा पॉलिसीचे माहितीपत्रक ग्राहकाने मागितल्यास ‘स्थानिक’ भाषेत देण्याचा नियम आहे. पण निपाणीतील स्थानिक भाषा कोणती, याचे उत्तर राज्याच्या राजभाषेवरून ठरवले तर मराठी वाचक बाहेर राहतो. नव्या कायद्यात राज्याची अट नाही, भाषेची निवड नागरिकाची आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचे ठरवले आणि कर्नाटकाने त्यास हरकत घेतली. ज्या मुलखात आरोग्य योजनेवरूनही दोन राज्यांत वाद होतो, तिथे माणसाचे गाव आणि भाषा हीसुद्धा जपून द्यावी अशी माहिती ठरते.

सही करण्यापूर्वी

बँडची अट असलेली पॉलिसी घेताना काही गोष्टी तपासून पाहाव्यात. बँडशिवाय तीच पॉलिसी मिळते का आणि हप्त्यातील फरक नेमका किती, हे प्रथम विचारावे. वैयक्तिक आरोग्य विम्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झाल्याने जुन्या दरांशी तुलना करताना तो वजा धरावा. बँड कंपनीकडून मिळाला असल्यास पॉलिसी सोडल्यावर तो परत करायचा का आणि त्यातील नोंदी कोण पुसणार, हे विचारून घ्यावे. ॲप पावलांसाठी असेल तर त्याला ठिकाण, संपर्कयादी किंवा छायाचित्रांची परवानगी देण्याचे कारण नाही. मोबाइलच्या सेटिंगमध्ये ती बंद करता येते. माहिती कोणाकोणाला दिली जाते आणि किती काळ ठेवली जाते, हे लेखी मागावे. अटी पटल्या नाहीत तर पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते.

तक्रार आधी कंपनीकडे करावी. महिनाभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. बेळगाव व निपाणीच्या रहिवाशांसाठी ते कार्यालय बंगळूरला आहे, गोमंतकीयांसाठी पुण्याला. कोल्हापूरच्या पत्त्यावर पॉलिसी घेतलेल्या निपाणीकराची तक्रार पुण्याच्या कार्यालयाच्या कक्षेत जाऊ शकते, म्हणून पॉलिसीवरील पत्ता विचारपूर्वक द्यावा.

चालण्यासाठी बँड लागत नाही, आणि बँड वापरला तरी त्यातील नोंदी विमा कंपनीला दिल्याच पाहिजेत असे नाही. त्या देण्याचा निर्णय वाचलेल्या रुपयांचा आकडा आणि दिलेल्या माहितीची यादी शेजारी शेजारी लिहून, आपल्याला कळणाऱ्या भाषेतील अटी वाचूनच घ्यावा. ती यादी मागण्याचा हक्क ग्राहकाचा आहे आणि ती मागणे म्हणजे संशय घेणे नव्हे.