बालाघाटातील गाणे आणि पाणी

धारूरचा घाट उतरून माजलगावच्या दिशेने निघाले की बीड जिल्ह्यातील तेलगाव लागते. हा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. गावात साखर कारखाना आहे, तर बालाघाटच्या डोंगरातल्या वाड्यावस्त्यांतून दरवर्षी ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. पाण्याची ओढाताण येथे जुनीच; हवामान बदलाने पावसातील खंड आणि एकदम कोसळणाऱ्या सरी यांची भर घातली.

अशा मुलखात चार गोष्टी लोकांच्या गळी उतरवण्याचे जुने साधन म्हणजे समोर उभे राहून गाणे. पैठणच्या एकनाथांनी (१५३३–१५९९) भारुडातून आचरणाचे धडे दिले. गाण्याला हातांच्या कामाची थेट जोड दिली ती गाडगेबाबांनी (१८७६–१९५६). गावात आल्यावर ते आधी खराटा घेऊन रस्ते झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. कीर्तनातही नुसते निरूपण नसे. ते प्रश्न टाकत, उत्तर श्रोत्यांकडून वदवून घेत आणि मध्येच नामगजर सुरू करत. सगळ्या गावासमोर दिलेला होकार मोडणे अवघड असे. तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) खंजिरीच्या भजनाला ग्रामसफाई आणि श्रमदान जोडले. शाहिरी परंपरेत अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने १९४४ पासून पोवाडा व लोकनाट्य कामगारांच्या लढ्यात उतरवले.

परदेशातही असा दाखला आहे. अमेरिकेत पीट सीगर या गायकाने हडसन नदीच्या शुद्धीसाठी काठावर जलसे केले आणि त्यांतून पैसा उभारून बांधलेले ‘क्लिअरवॉटर’ हे शिडाचे जहाज १९६९ मध्ये पाण्यात उतरले.

बीडमध्ये गाण्याची ही परंपरा पाणलोटाच्या कामाला भिडली ती २०१६ च्या दुष्काळात. लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, त्याच उन्हाळ्यात पानी फाउंडेशन या संस्थेची ‘वॉटर कप’ ही जलसंधारणाची पहिली स्पर्धा वरूड, कोरेगाव आणि बीडमधील अंबाजोगाई या तीन तालुक्यांत झाली. पुढील वर्षी स्पर्धेचा विस्तार झाला आणि संगीतकार अजय-अतुल यांचे ‘तुफान आलंया’ हे गाणे गावोगाव पोचले. श्रमदानात काम नेमके आखलेले असे: उतारावर समपातळीत सलग चर खणायचे, निघालेली माती खालच्या अंगाला बांधासारखी टाकायची, म्हणजे वाहते पाणी अडून जमिनीत मुरते. उन्हातले हे काम कंटाळवाणे; कुठे हलगी, तर कुठे भजनी मंडळाचे टाळ-मृदंग असले की कुदळी एका ठेक्यात पडत आणि घरात बसलेलाही बाहेर येई.

तरी गाण्याची ताकद माणसे जमवण्यापुरतीच. चरांत मुरलेले पाणी विंधनविहिरींनी उपसून उसाला दिले, तर भूजल पुन्हा खाली जाते. म्हणून कीर्तनात आता पाणी अडवण्याइतकाच पीकपद्धतीचा आणि पाण्याच्या ताळेबंदाचा विषयही यायला हवा.