'एक्स्ट्रा स्मॉल' म्हणजे नेमके किती?

गेल्या पावसाळ्यात माझ्या पुतणीला नोकरीच्या पहिल्या मुलाखतीसाठी पांढरा शर्ट आणि काळी पँट हवी होती. मुलगी अंगाने अगदी सडपातळ. उंची पाच फूट चार इंच, वजन ४५ किलो, छाती ७६ सेंटिमीटर, कंबर ६०. एकाच दुपारी, एकाच मॉलमधल्या तीन दुकानांत तिने 'एक्स्ट्रा स्मॉल' हे एकच माप मागितले. पहिल्या दुकानातला शर्ट खांद्यावरून दंडावर उतरला. दुसऱ्या दुकानातला छातीला बरा बसला, पण त्याच्या बाह्या मनगटाच्या दोन बोटे वरच थांबल्या. तिसऱ्या दुकानातल्या विक्रेत्या मुलीने तिला आपादमस्तक न्याहाळले आणि लहान मुलांचा विभाग खालच्या मजल्यावर असल्याचे सांगितले. घरी परतल्यावर पुतणी म्हणाली, "काका, माझ्याच अंगात काहीतरी खोट आहे."

खोट तिच्या अंगात नव्हती. तीन दुकानांनी तीन वेगवेगळ्या वस्तूंना एकच नाव दिले होते, एवढाच त्याचा अर्थ. तयार कपड्यांच्या लेबलावरचे 'एस', 'एम' किंवा 'आठ', 'दहा' हे माप आहे, असा आपला समज असतो. वास्तविक ते केवळ नाव असते आणि ते ठेवण्याचा अधिकार प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीने वापरते. मध्यम बांध्याच्या ग्राहकाला याचा फारसा जाच होत नाही, कारण एक नंबर वर किंवा खाली सरकण्याची सोय त्याला असते. फार बारीक व्यक्ती मात्र शिडीच्या अगदी खालच्या पायरीवर उभी असते. ती पायरी हलली की खाली उतरायला जागाच उरत नाही.

ही पायरी कशी हलत गेली, याचा अमेरिकेतील इतिहास मोठा उद्बोधक आहे. १९३९-४० मध्ये तिथल्या कृषी खात्याच्या गृह-अर्थशास्त्र विभागाने सुमारे १५ हजार स्त्रियांची मापे घेतली, तीही प्रत्येकीची ५९. (निष्कर्षांत मात्र केवळ गौरवर्णीय स्त्रियांचीच मापे धरली गेली!) १९४१ मध्ये हा अहवाल प्रसिद्ध झाला. टपालाने कपडे विकणाऱ्या कंपन्यांना याची फार निकड होती, कारण न बसलेले कपडे परत येत आणि त्याचा भुर्दंड त्यांना सोसावा लागे. घरपोच मागवून निम्मे परत पाठवण्याची आजची तऱ्हा काही नवी नव्हे. अखेर १९५८ मध्ये राष्ट्रीय मानक संस्थेने स्त्रियांच्या कपड्यांचे प्रमाणित तक्ते काढले. त्यांतले सर्वांत लहान माप आठ नंबरचे होते. शून्य वगैरे काही नव्हतेच.

मात्र हे मानक पाळणे कंपन्यांवर बंधनकारक नव्हते. १९७० च्या सुमारास ते सैल करण्यात आले आणि १९८३ मध्ये मागेच घेतले गेले. दरम्यान विक्रेत्यांना एक जुनेच गुपित उमगले होते. ग्राहकाला लहान नंबराचा कपडा अंगात गेला की आनंद होतो आणि आनंदी ग्राहक खिशात हात घालतो. मग कापड तेच, घेर तोच, पण नंबर मात्र दोनाने कमी, असे सुरू झाले. इंग्रजीत याला 'व्हॅनिटी सायझिंग' म्हणतात. आपण त्याला ग्राहकाचा अहंकार कुरवाळणारे माप म्हणू. परिणामी १९५८ च्या तक्त्यातील आठ नंबरची स्त्री आजच्या अमेरिकी तक्त्यात कुठेच बसत नाही. तिची छाती आणि कंबर आजच्या 'दुहेरी शून्य' मापाहूनही लहान भरते. आजचा आठ नंबर जवळपास त्या काळच्या सोळा नंबराइतका असतो.

वरच्या टोकाला आकडे संपत नाहीत, खालच्या टोकाला मात्र संपतात. आठाचे सहा, सहाचे चार, चाराचे दोन झाल्यावर शून्य आले. शून्याच्या खाली काय द्यायचे? कंपन्यांनी आणखी एक शून्य जोडले. २०१४ मध्ये जे. क्रू या अमेरिकी कंपनीने तिहेरी शून्याचे माप बाजारात आणले, तेव्हा तिथे बराच गदारोळ झाला. कंपनी कृशतेची भलावण करते आहे, असा आक्षेप होता. त्या मापाची कंबर होती २३ इंच आणि छाती साडेतीस इंच. आपल्याकडे कोणत्याही महाविद्यालयाच्या आवारात अशा दहा मुली सहज दिसतील. आशियातील ग्राहकांकडून मागणी होती, असे कंपनीचे म्हणणे होते आणि ते अविश्वसनीय वाटत नाही.

'झीरो साइज' हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोहोचला तो २००८ मध्ये 'टशन' चित्रपटातील करीना कपूरच्या बांध्यामुळे. त्याआधी दोन वर्षे, लुइसेल रामोस या उरुग्वेच्या मॉडेलच्या मृत्यूनंतर, माद्रिदच्या फॅशन सप्ताहाने अतिकृश मॉडेलांना मज्जाव केला होता. तिथल्या आयोजकांनी कपड्याचा नंबर निकष म्हणून धरला नाही. त्यांनी धरला तो उंची आणि वजन यांच्या गुणोत्तरावर आधारित बीएमआय, आणि मर्यादा ठेवली १८. कपड्याच्या नंबरावरून कोणाच्याच प्रकृतीविषयी काही सिद्ध होत नाही, हे फॅशनच्या व्यवसायातील मंडळींना पक्के ठाऊक असते!

नंबरांचा हा घोळ देशोदेशी निराळा आहे. ब्रिटनमधला आठ हा साधारणपणे अमेरिकेत चार, जर्मनीत ३४, फ्रान्समध्ये ३६ आणि इटलीत ४० होतो. त्यामुळे परदेशी कंपनीचा कपडा घेताना नुसता आकडा पाहण्यात अर्थ नाही, तो कोणत्या देशाचा हे आधी पाहावे लागते. शिवाय कंपन्या आपले तक्ते मध्येच बदलतात. २०१८ मध्ये एच अँड एम कंपनीने ब्रिटनमधील स्त्रियांच्या कपड्यांचे नंबर तिथल्या रूढ पद्धतीशी जुळवून घेतले. पूर्वी ज्या मापाला बारा म्हणत, त्याला दहा म्हटले जाऊ लागले. बहुतेकींना त्यात दिलासा वाटला. पण जी आधीच सर्वांत लहान नंबर वापरत होती, तिला एका हंगामात नवा नंबर शोधावा लागला. तिच्या शरीरात रतीभरही बदल झालेला नव्हता. जपानमध्ये मात्र राष्ट्रीय मानक अजून टिकून आहे. तिथे नऊ नंबर म्हणजे छाती ८३ सेंटिमीटर, सात म्हणजे ८० आणि पाच म्हणजे ७७. माझ्या पुतणीसारखी मुलगी तिथे पाच नंबर मागून निर्धास्त राहू शकते.

नावांचा गोंधळ एकवेळ सोसता येईल. खरी अडचण कपडा बेतण्याच्या पद्धतीत आहे आणि तिची चर्चा फारशी होत नाही. कारखान्यात प्रत्येक मापाचा कपडा स्वतंत्रपणे बेतलेला नसतो. एका मधल्या मापाचा कागदी फर्मा तयार करतात, तो प्रत्यक्ष एका व्यक्तीच्या अंगावर बसवून पाहतात, दुरुस्त करतात. मग गणिताने त्याच फर्म्याचे मोठे आणि लहान भाऊ काढले जातात. छातीला इतके वाढवा, खांद्याला इतके कमी करा, असे ठरलेले प्रमाण असते. याला 'ग्रेडिंग' म्हणतात. मधल्या मापापासून जितके दूर जावे, तितकी गणितातली चूक साठत जाते आणि सर्वांत खालच्या मापाला सर्वांत जास्त भोगावी लागते.

कारण माणूस प्रमाणात बारीक होत नाही. कृश व्यक्तीच्या छातीचा, कमरेचा आणि दंडाचा घेर कमी असतो, पण हाडांचा सांगाडा बहुधा तेवढाच राहतो. खांद्याची रुंदी, हाताची लांबी, मान ते कमरेपर्यंतचे अंतर यांचा संबंध उंचीशी असतो, मांसलतेशी नव्हे. फर्मा मात्र 'लहान म्हणजे बुटके' असे गृहीत धरतो. म्हणून छातीला बसणाऱ्या शर्टाच्या बाह्या आखूड होतात आणि बाह्या पुरतात त्या शर्टाच्या छातीत दोघी मावतील एवढी जागा असते. मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो घेर, खोल राहिला तर हात वर केल्याबरोबर सगळा शर्ट वर ओढला जातो. 'पेटीट' नावाचे जे माप काही कंपन्या विकतात, ते बुटक्या स्त्रियांसाठी, साधारण पाच फूट चार इंचांखालील उंचीसाठी असते. उंच आणि बारीक मुलीला त्याचा काहीच उपयोग नाही. बालविभागाचेही तसेच. युरोपीय पद्धतीत मुलांचे कपडे उंचीवरून मोजतात. १५८, १६४ असे सेंटिमीटर लेबलावर असतात. लांबी जुळते, किंमतही कमी पडते, पण प्रौढ स्त्रीच्या छातीसाठी लागणारी चुणी त्यात नसते.

आपल्या बाजारात याला व्यापाराची आणखी एक गाठ बसते. घाऊक बाजारात कुर्त्यांचे 'सेट' बांधलेले असतात आणि ते पुष्कळदा एम, एल, एक्सएल, डबल एक्सएल असेच. दुकानदाराला त्यातून लहान माप सुटे मिळत नाही. मोठ्या दुकानांतही लहान मापाचे मोजकेच नग येतात आणि पहिल्या आठवड्यातच संपतात. मागणी नाही म्हणून माल नाही आणि माल नाही म्हणून मागणी नोंदली जात नाही.

मागणी खरोखर नाही काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीनुसार देशातील १५ ते ४९ वयाच्या १८.७ टक्के स्त्रियांचा बीएमआय १८.५ पेक्षा कमी आहे. २००५-०६ मध्ये हे प्रमाण ३५.५ टक्के होते. यातल्या बहुसंख्य स्त्रिया मॉलमध्ये पाऊल टाकत नाहीत, हे मान्य केलेच पाहिजे. त्यांची कृशता आवडीची नसून अभावाची आहे. तरीही जिथे जवळपास दर पाचांतली एक स्त्री इतकी बारीक आहे, तिथे तिच्या मापाचा कपडा अपवादात्मक मानला जावा, हे विचित्रच. भारतीयांच्या अंगाचा स्वतंत्र तक्ता असावा म्हणून निफ्ट या संस्थेने 'इंडिया साइज' प्रकल्प हाती घेतला. मुंबईसह सहा शहरांतील १५ ते ६५ वयोगटातील २५ हजार व्यक्तींची मापे त्रिमितीय स्कॅनरने घ्यायची, अशी ती योजना.

पुरुषांची कथा निराळी नाही. आपल्याकडे औपचारिक शर्टांवर ३८, ३९, ४०, ४२, ४४ असे जे आकडे असतात, ते गळपट्टीचे सेंटिमीटर असतात. अनेकजण ते छातीचे इंच समजतात. बारीक मानेच्या तरुणाला ३८ च्या खाली फारसे काही मिळतच नाही. पँटीचे इंचही भरवशाचे नाहीत. २०१० मध्ये 'एस्क्वायर' मासिकाने ३६ इंची लेबलाच्या पँटी टेपने मोजल्या, तेव्हा त्या ३७ पासून थेट ४१ इंचांपर्यंत भरल्या.

मग करायचे काय? पहिली गोष्ट म्हणजे घरात शिवणकामाचा टेप असावा आणि आपली छाती, कंबर, नितंब व खांदा ही चार मापे सेंटिमीटरमध्ये लिहून जवळ ठेवावीत. २०२२ मध्ये आवेष्टित वस्तूंच्या नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार, खुल्या विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यांवर एस, एम, एल या खुणांबरोबर माप मेट्रिक परिमाणातही द्यावे लागते. तो बारीक आकडा वाचण्याची सवय लावून घ्यावी. मात्र तो आकडा अंगाचा की कपड्याचा, हे विचारून घेणे जरूर आहे. कपडा अंगापेक्षा सैल ठेवावाच लागतो; शिंपी त्याला 'लूझिंग' म्हणतात. एका कंपनीचा ३६ चा कुर्ता म्हणजे ३६ इंची छातीसाठीचा, तर दुसरीचा म्हणजे शिवून ३६ इंच भरणारा. या दोहोंत तीन-चार इंचांचा फरक सहज पडतो. ऑनलाइन खरेदीत याहून खात्रीचा मार्ग असा, की स्वतःचा उत्तम बसणारा एक कपडा सपाट अंथरून काखेपासून काखेपर्यंत मोजावा, त्याची दुप्पट करावी आणि कपड्याच्या मापाशी ताडून पाहावी.

दुकानात कपडा घालून पाहताना नजर आधी खांद्यावर जावी, कमरेवर नव्हे. बाजूच्या शिवणी आत घेणे, कंबर कमी करणे, उंची दुमडणे ही कोपऱ्यावरच्या शिंप्याची अर्ध्या तासाची कामे. खांदा उतरवायचा तर बाही उसवावी लागते, मुंढा पुन्हा कापावा लागतो, आणि गळा मोठा असेल तर बहुतेक शिंपी हात जोडतात. त्यामुळे खांदा आणि गळा बसत असेल तर बाकीचा ढगळपणा खुशाल स्वीकारावा.

टेपचा आणखी एक उपयोग आहे. लेबलाच्या भरवशावर राहिले तर अंगाला खरोखरीच काही झाले तरी कळत नाही. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजन पाच टक्क्यांहून अधिक घटले, तर डॉक्टरांकडे जावे, असा वैद्यकातील सर्वसाधारण संकेत आहे. मुळात ४५ किलोच्या व्यक्तीच्या बाबतीत ही घट अवघी सव्वादोन किलोंची असते. ती काट्यावर आणि टेपवर दिसते. दर हंगामात नंबर बदलणाऱ्या लेबलावर ती दिसणार नाही.

पुतणीने शेवटी खांद्याला बसणारा, पण पोटाशी झुलणारा 'स्मॉल' मापाचा शर्ट घेतला. दादरच्या एका म्हाताऱ्या शिंप्याने तो दोन्ही बाजूंनी दीड-दीड इंच आत घेतला आणि लेबल मानेला टोचत होते म्हणून न विचारताच उसवून टाकले.