धर्मादा : देणारा कोण?

यवतमाळसारख्या कापसाच्या गावी जुन्या धर्मादाय संस्थेचा इतिहास सांगावयाचा झाला, की आपण संस्थापकांच्या नावांपासून आरंभ करतो. भिंतीवरील संगमरवरी पाटी वाचली की इतिहास संपला, अशी आपली समजूत. आम्हांस आज त्या पाटीच्या मागे जावयाचे आहे. अशा कार्याला लागणाऱ्या पैशाचा एक ओघ कापसाच्या गाडीतून येत असे, त्याविषयी चार शब्द बोलावयाचे आहेत.

बंडी बाजारात लागे. दलाल भाव ठरवी, मापारी काटा धरी, आणि हिशेबाच्या चिठ्ठीत दलाली, तोलाई, हमाली यांच्याखाली आणखी एक रक्कम वजा होई : धर्मादा. ती गोरक्षणाला, पाणपोईला, धर्मशाळेला जावयाची. रक्कम इतकी किरकोळ, की तिच्यावरून हुज्जत घालण्याची शेतकऱ्याला लाज वाटावी. धर्मकार्याला नाही कोण म्हणणार? पण त्याला कोणी विचारलेही नव्हते; आणि पैसा पुढे कोठे गेला, हे विचारण्याची सोयही त्याला नव्हती. न्यायाने बोलावयाचे तर हेही सांगितले पाहिजे, की अशा पैशातून बांधलेल्या हौदावर त्याचेच बैल पाणी पीत.

वऱ्हाडातील बाजाराला कायद्याचे वळण लवकर लागले. १८८६ साली कारंज्याचा बाजार नियमाखाली आला आणि १८९७ साली वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. (आपला जिल्हा तेव्हा ‘वून’ या नावाने ओळखला जाई, यवतमाळ हे नाव त्याला १९०५ साली मिळाले.) दलाल-मापाऱ्यांना परवाने आले, समित्या आल्या, परंतु त्यांत नगरपालिकेची आणि व्यापाराची माणसे. पिकविणारा बाहेरच! शेतकी रॉयल कमिशनने १९२८ च्या अहवालात वऱ्हाडच्या पद्धतीची वाखाणणी केली, तरी हे व्यंग तिच्या नजरेतून सुटले नाही.

मग धर्मादा कोणाचा? याचे स्पष्ट उत्तर १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्याने दिले. त्याचे ५४ वे कलम म्हणते, की व्यापाराच्या रूढीप्रमाणे धर्मादा घेणारा त्या रकमेचा मालक नव्हे, विश्वस्त आहे. त्याने दरसाल तिचा हिशेब धर्मादाय अधिकाऱ्याकडे दिला पाहिजे. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला आणि पुढे हा कायदा इकडेही लागू झाला. हाथरसच्या बिजली कॉटन मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही १९७८ साली ठरविले, की गिऱ्हाइकाकडून धर्मादा म्हणून घेतलेला पैसा व्यापाऱ्याचे उत्पन्न नव्हे. म्हणून त्यावर प्राप्तिकर नाही.

या निकालाने व्यापाऱ्याचा कर वाचला खरा. पण तो पैसा त्याचा नव्हता, हेही त्याच निकालाने लिहून ठेवले. अडतीच्या चोपडीत विकणाऱ्याचे नाव, गाव आणि मालाचे वजन ओळीने मांडलेले असते. एखाद्या संस्थेच्या देणगीदारांची यादी कोणी नव्याने करावयास घेतली, तर त्याला त्या चोपड्या उघडाव्या लागतील.