अफूच्या व्यसनावरचे औषध आणि परवाना

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत अफूपासून काढलेले मॉर्फिन औषधांच्या दुकानात उघड मिळत असे. मॉर्फिनपासून तयार केलेले हेरॉइन बायर कंपनीने १८९८ मध्ये बाजारात आणले, तेही खोकल्यावरचे औषध म्हणून. १९१४ च्या हॅरिसन कायद्याने या विक्रीवर कर आणि नोंदणीचे बंधन घातले. डॉक्टरांना त्यातून सूट होती. पण केवळ व्यसन भागवण्यासाठी मॉर्फिन लिहून देणे हा वैद्यकीय उपचार नव्हे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९१९ मध्ये दिला. काही शहरांनी व्यसनी रुग्णांसाठी दवाखाने काढून पाहिले. लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टचा दवाखाना त्यांत बराच टिकला, पण १९२३ मध्ये सरकारी दबावाने तोही बंद झाला.

पुढची चार दशके व्यसन हा मुख्यतः पोलिसांचा विषय राहिला. केंटकीतल्या लेक्सिंग्टन येथे १९३५ मध्ये सरकारने मोठी संस्था उभारली. तिथे कैदी आणि आपणहून आलेले रुग्ण एकत्र ठेवले जात, शेतीची व गोठ्याची कामे करत. घरी परतल्यावर मात्र बहुतेक जण पुन्हा व्यसनाकडे वळत.

न्यूयॉर्कमध्ये डॉक्टर व्हिन्सेंट डोल आणि लेक्सिंग्टनला काम केलेल्या मानसोपचारतज्ज्ञ मेरी निस्वँडर यांनी १९६४ मध्ये वेगळी दिशा धरली. जर्मनीत शोधले गेलेले मेथाडोन हे वेदनाशामक त्यांनी रुग्णांना रोज ठरावीक मात्रेत दिले. हेरॉइनचा अंमल काही तासांत उतरतो आणि तलफ येते. मेथाडोनचा परिणाम दिवसभर टिकतो. रुग्ण नशेत राहत नाही, त्याचे अंगही मोडून येत नाही, त्यामुळे तो कामधंदा करू शकतो. मात्र १९७० च्या दशकातल्या नियमांनी हे औषध खास परवान्याच्या दवाखान्यांपुरते ठेवले. रुग्णाने सकाळी खिडकीपाशी रांग लावायची, परिचारिकेने मोजून दिलेले औषध तिच्यासमोर प्यायचे आणि ते गिळल्याची खात्री पटावी म्हणून दोन शब्द बोलायचे, असा तिथला रिवाज पडला.

ब्युप्रेनॉर्फिन हे दुसरे औषध अधिक सुरक्षित ठरले. एका मर्यादेनंतर मात्रा वाढवली तरी त्याचा अंमल वाढत नाही, त्यामुळे श्वास बंद पडण्याचा धोका कमी असतो. फ्रान्सने १९९५ पासून ते कोणत्याही डॉक्टरला लिहून देऊ दिले. पुढच्या चार वर्षांत तिथले ओव्हरडोसचे मृत्यू सुमारे चार पंचमांशांनी घटले. अमेरिकेने २००२ मध्ये परवानगी दिली, पण आठ तासांचे प्रशिक्षण, वेगळा परवाना आणि सुरुवातीला जास्तीत जास्त ३० रुग्ण, अशा अटींसह. ऑक्सिकोडोनसारखे व्यसन लावणारे वेदनाशामक लिहून देण्यासाठी त्याच डॉक्टरला असे खास प्रशिक्षण घ्यावे लागत नव्हते.

याच काळात अमेरिकेत व्यसनाचे संकट वाढत गेले. पर्ड्यू फार्मा कंपनीने १९९६ मध्ये ऑक्सिकोडोनच्या गोळ्या ऑक्सिकोंटिन या नावाने बाजारात आणल्या आणि त्यांचे व्यसन क्वचितच लागते, असा प्रचार केला. २००७ मध्ये कंपनीने या दिशाभुलीचा गुन्हा कबूल केला. गोळ्या मिळेनाशा झाल्यावर अनेक जण हेरॉइनकडे वळले. २०१३ च्या सुमारास हेरॉइनमध्ये फेंटानिल हे त्याहून जहाल वेदनाशामक मिसळले जाऊ लागले. अफूच्या वर्गातल्या अशा पदार्थांच्या ओव्हरडोसने १९९९ मध्ये सुमारे ८,००० माणसे दगावली होती; २०२१ मध्ये हा आकडा ८०,००० च्या वर गेला.

मृत्यूंचा हा आकडा वाढला तेव्हा कुठे अटी सैल झाल्या. करोनाच्या साथीत स्थिर रुग्णांना २८ दिवसांपर्यंतचे मेथाडोन घरी नेण्याची मुभा मिळाली आणि २०२४ मध्ये ती कायम झाली. ब्युप्रेनॉर्फिनचा वेगळा परवाना डिसेंबर २०२२ च्या कायद्याने रद्द झाला. थांबत चाललेला श्वास पुन्हा सुरू करणारे नॅलॉक्सोन १९७१ पासून रुग्णालयांत होते. २०२३ मध्ये त्याचा नाकात मारायचा फवारा चिठ्ठीविना विकायला मान्यता मिळाली. २०२४ मध्ये ओव्हरडोसचे एकूण मृत्यू आदल्या वर्षीपेक्षा सुमारे एक चतुर्थांशाने घटले. या घटीमागे एकच कारण नाही. औषधांची वाढलेली उपलब्धता हे त्यांपैकी एक मानले जाते. व्यसनावरचे मेथाडोन मात्र अमेरिकेत अजूनही परवानाधारक केंद्रांतूनच मिळते.