मुमताजचं मन

आमच्या बुऱ्हाणपुरात १७ जून १६३१ रोजी चौदाव्या बाळंतपणात मुमताजमहल गेली. तापीपलीकडे जैनाबादच्या आहुखान्यात तिचं दफन झालं, डिसेंबरात तिला आग्र्याला नेलं. शहाजहानची दाढी शोकानं पांढरी झाली, हे सगळ्यांना पाठ. पण एकोणीस वर्षांत चौदा बाळंतपणं आणि सात लेकरं गेलेली, तिच्या मनाचं काय झालं असेल?

एकदाच बसलेला धक्का वेगळा आणि सुटका नसताना वर्षानुवर्षं बसत राहिलेले वेगळे, हे अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली मांडलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत त्याला ‘कॉम्प्लेक्स पीटीएसडी’ असं स्वतंत्र नाव आहे. मुमताजला ते चिकटवायचं नाही मला. आपल्याच घरांत बघा ना: भांडं पडलं की दचकणारी, माणसांत असून नसलेली, उठता-बसता ‘माझंच चुकलं’ म्हणणारी. क्षमावणीला ती सगळ्यांची क्षमा मागते, स्वतःला काही माफ करत नाही. आणि आपण म्हणतो, तिचा स्वभावच तसा.